डोकं चपलांसोबत बाहेर ठेवता येत नाही

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
सोलापूर शहरातील साहित्य संस्था, लेखन-स्पर्धा आणि पुरस्कारांच्या निवड समित्या

सप्रेम नमस्कार, वि. वि.

फोन आला तेव्हा मी गच्चीवर टाकीपाशी उभी होते. पाण्याचा दिवस होता. आपल्या सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पलीकडून आवाज अगदी मायेचा होता. "ताई, तुम्हाला उगीच दगदग नको, म्हणून लेखिकांच्या सत्रातून तुमचं नाव काढलंय बघा. तब्येत सांभाळा." मी म्हणाले, "हो हो, चालेल की." फोन ठेवला. तोवर टाकी भरून वाहायला लागली होती आणि खालून शेजारच्या अक्का ओरडत होत्या, "मोटार बंद करा ओ वैनी!" मी मात्र त्या वाहत्या पाण्याकडे बघत तशीच उभी.

चालेल म्हणाले खरी, पण ते चालणार नव्हतं हे कळायला मला तीन दिवस लागले. माझं असंच आहे. उत्तर उशिरा सुचतं, आणि सुचतं ते कागदावर. म्हणून हे पत्र.

आधी काय घडलं ते सांगते. तुमच्यापैकी एका संस्थेनं जानेवारीतल्या कार्यक्रमासाठी मला बोलावलं होतं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण भांडण एका संस्थेशी नाही. लिहिणाऱ्या बाईचं घर, असा काहीसा विषय होता आणि तो मला मनापासून आवडला होता. होकार कळवताना मी सोबत एक पानी पत्र जोडलं. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं जड जातं अशी मेंदूची घडण, डिप्रेशनचे उपचार चालू आहेत, आणि चार गोष्टी झाल्या तर मी नीट बोलू शकेन, असं त्यात लिहिलं होतं. माझी वेळ आधी कळवावी आणि ती तासभराच्या वर हलू नये. प्रश्नोत्तरं असतील तर प्रश्न आदल्या दिवशी लेखी मिळावेत. मी कागदावरून वाचेन, 'उत्स्फूर्त बोला' असा आग्रह नको. आणि माझं सत्र येईपर्यंत मला व्यासपीठावर न बसवता दाराजवळची खुर्ची द्यावी. यातल्या एकाही गोष्टीला पैसा पडत नाही. दाराजवळच्या खुर्च्या तशाही आपल्याकडे सगळ्यात आधी भरतात, कारण अध्यक्षीय भाषणाच्या वेळी बऱ्याच जणांना चहाला बाहेर जायचं असतं.

त्यावर आधी वरचा फोन आला. मग ते पत्र कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं आणि तिथून कुठं कुठं फिरलं देव जाणे. मला कळलं ते किराणा दुकानात, शेंगदाणे मोजून घेताना. ओळखीच्या एक बाई हळूच म्हणाल्या, "बरं नाही म्हणे तुमचं... डोक्याचं?" आणि महिनाभरानं सहभागी लेखकांसाठी एक फॉर्म निघाला. त्यात ओळ आहे: 'मी शारीरिक व मानसिकदृष्ट्या पूर्णपणे सक्षम असून कार्यक्रमास पूर्ण वेळ उपस्थित राहीन.' खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. हाच फॉर्म आणखी दोन संस्था उचलणार असं ऐकलं. म्हणून हे पत्र एकट्या एका कार्यवाहांना न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे.

मी कोण, हे थोडक्यात. वय ४९. माहेर गिरणगावातलं, सासर जुळे सोलापूरचं. वडील गिरणीत होते. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबा भरायचा, असं ते घर. माझे दोन कथासंग्रह आहेत, एक कादंबरी आहे आणि दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंकांत कथा असते. मी बायकांसाठी लिहिते असं समीक्षक म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज थोडा खाली येतो. येऊ दे. माझ्या वाचक दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या नर्स आहेत, नव्या पेठेत चादरींच्या दुकानात बिलं करणाऱ्या मुली आहेत, पोरं शाळेत गेल्यावर अर्धा तास मिळवणाऱ्या आया आहेत. त्या मला पत्रं लिहितात. तुमच्याकडून आलेल्या पत्रांपेक्षा ती जास्त भरतील.

निदान झालं तेव्हा मी ४३ वर्षांची होते. त्याआधी दहा-बारा वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेणं आणि सोडणं चालू होतं. एका उन्हाळ्यात, पारा ४४ च्या पुढे आणि मी दीड महिना अंथरुणात, तेव्हा नवऱ्यानं पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझं लिखाण, नवरा, सासू यातलं काही विचारलं नाही. विचारलं, "शाळेची प्रगतिपुस्तकं आहेत का?" आईच्या ट्रंकेत होती, बाबांच्या गिरणीच्या पासाबरोबर फडक्यात बांधलेली. दुसरीपासून दहावीपर्यंत शेऱ्याच्या रकान्यात वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात एकच वाक्य: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. चौथीच्या बाईंनी 'पण'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

एडीएचडी चाळिशीत होत नाही. त्याच्या खुणा लहानपणापासून, बाराव्या वर्षाच्या आत दिसलेल्या असाव्या लागतात. प्रगतिपुस्तकं त्यासाठीच हवी होती. मुलगा वर्गात उठून पळतो, बाक वाजवतो, म्हणून तो दिसतो. मुलगी खिडकीबाहेर बघत गप्प बसते. ती कुणाच्या अडचणीची नसते, म्हणून ती दिसत नाही. मोठी झाल्यावर ती घर आवरायला लागते, आणि मग एकदम सगळ्यांना दिसायला लागते. दूध उतू गेलं. वीजबिलाची तारीख गेली. पाहुणे रविवारी येणार होते, हिला वाटलं पुढच्या. त्या बाईसाठी आपल्या भाषेत शब्दांची काय श्रीमंती आहे! वेंधळी, धांदरट, विसरभोळी, पसारेवाली, अर्धवट. मी यातलं प्रत्येक नाव वापरून झालेली बाई आहे. तेच सगळं एखाद्या कवीनं केलं की त्याचा किस्सा होतो. चष्मा कपाळावर आणि शोधतायत घरभर. स्टेशनवर सोडायला गेले आणि स्वतःच गाडीत बसून आले. तुमच्याच कार्यक्रमांत असे किस्से सांगून टाळ्या घेतलेल्या मी ऐकल्या आहेत. त्या कवींचं दूध कोण बघत होतं, हे त्या किश्श्यात कधी येत नाही.

मराठी साहित्य संमेलन १८७८ साली सुरू झालं. पहिल्या महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, त्या १९६१ साली, ग्वाल्हेरला. मग दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. तोवरच्या ९८ संमेलनांत सहा. हा हिशेब मी तुमच्या माथी मारत नाही; सोलापूरच्या संस्थांनी काही तो केलेला नाही. पण इतकी वर्षं दार अरुंद ठेवल्यावर, आता आत येणाऱ्या बायकांकडून सक्षमतेचा दाखला मागायचा, याला काय म्हणावं?

आता तक्रारी. एकेक सांगते.

पहिली त्या फॉर्मची. त्या ओळीवर खरेपणानं सही करू शकेल असा लेखक मला दाखवा. मधुमेह, दमा, गुडघे, झोपेच्या गोळ्या, मागच्या वर्षी गेलेली बायको. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाकडं काही ना काही आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ साली जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात शंभरातल्या साधारण दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं होतं. तुमच्या सभागृहात तीनशे खुर्च्या आहेत. तीसेक माणसं समोर बसली आहेत, कदाचित शेजारीही. ती सही करतील, कारण न करणं म्हणजे जाहीर करणं. खोटं लिहून आत या, खरं लिहिलंत तर बाहेर थांबा, असा हा फॉर्म आहे. आणि 'पूर्ण वेळ उपस्थिती'बद्दल एवढंच म्हणते, की व्यासपीठावर पूर्ण वेळ उपस्थित राहून पूर्ण वेळ डुलक्या घेणारे मान्यवर मी पाहिलेत. त्यांच्याकडून कुणी काही लिहून घेतल्याचं ऐकलं नाही.

दुसरी, 'तुम्हाला त्रास नको म्हणून'. माझ्या त्रासाचा निर्णय मला न विचारता झाला. मी मदत मागितली होती, सुटका नव्हे. घरातल्या बाईला ही माया चांगली ओळखीची आहे. तुला जमणार नाही, तू बस, आम्ही बघतो. मग आयुष्यभर बसायचं. एखाद्या गुडघेदुखीच्या लेखकानं 'पायऱ्या नसलेल्या बाजूनं न्या' म्हटलं असतं तर त्यांचं नाव पत्रिकेतून गेलं असतं का? उलट दोन कार्यकर्ते धावले असते, आणि धावायलाच हवेत.

तिसरी, माझं पत्र फिरवल्याची. याबद्दल फार लिहीत नाही. ते तुमच्या विश्वासावर लिहिलं होतं, एवढंच.

चौथी तक्रार माझी नाही, पण मी मांडणार. शहरात एक मुलगी आहे, बावीस वर्षांची, ऑटिझम असलेली. कविता लिहिते. तिच्या कवितेत यंत्रमागाचा ठोका असा येतो की ओळ वाचताना बोटं टेबलावर वाजायला लागतात. तिला दोन-तीनदा व्यासपीठावर बोलावलं गेलं. दर वेळी सूत्रसंचालक काय म्हणाले? "बघा, अशी असूनही किती छान लिहिते!" मग टाळ्या, शाल, नारळ, फोटो. कवितेबद्दल एक शब्द नाही. तिच्या आईनं नंतर मला विचारलं, "ते कविता ऐकत होते की हिला बघत होते?" म्हणजे आमच्यासाठी दोनच जागा. एक दाराबाहेर, नाहीतर मखरात. (आणि त्या ओघात, ऑटिझमसाठी वापरतात त्या 'स्वमग्नता' या शब्दाचा मला मनस्वी राग आहे. जी मुलगी पंख्याचा आवाज बदलला तरी दचकते, जिला सगळं जग एकदम ऐकू येतं, तिला आपण स्वतःत मग्न म्हणतो. भाषेच्या माणसांनी निदान शब्द तरी तपासून घ्यावेत.)

पाचवी, हस्तलिखितांच्या स्पर्धांची. 'स्वहस्ताक्षरात, कागदाच्या एका बाजूस, तीन प्रतींत, समक्ष आणून द्यावे.' हे नियम कुणी आणि कधी केले? ज्यांना अक्षरं उलटसुलट दिसतात किंवा लिहिताना हात साथ देत नाही, अशा मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. त्यातलीच एखादी मुलगी पास होऊन कथा लिहू लागली, की तुमच्या स्पर्धेत तिला यातलं काही नाही. शाळेनं जे मान्य केलं, ते साहित्यानं अजून केलेलं नाही.

आता मला विचारलं गेलेला एक प्रश्न, कारण तो तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असणार. "गड्ड्याच्या यात्रेत तर तुम्ही असता. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आम्ही पाहिलंय तुम्हाला. तिथला गोंगाट चालतो, आणि आमच्या सभागृहातला माइक चालत नाही?"

प्रश्न वाजवी आहे. होय, मी दर संक्रांतीला असते. सिद्धेश्वरांच्या त्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे त्या उंच मानाच्या काठ्या, निघाले, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा गजर उठला, की माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण तिथं मी कुठं उभी राहायचं ते मी ठरवते. हलग्या अंगावर आल्या की बोळात शिरते, बरं वाटलं की परत येते. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आहे, पुढं कुठंही गाठता येते. मुख्य म्हणजे तिथं कुणी मध्येच माझ्यापुढं माइक धरून, "तिसऱ्या नंदीध्वजाच्या भूमिकेबद्दल दोन शब्द सांगा," असं म्हणत नाही. मी यंत्रमागाच्या आवाजात वाढले. एकसुरी खडखड चालू असली की माझं लिखाण सुरळीत होतं. घर शांत आणि शेजारच्या खोलीत टीव्ही बारीक आवाजात, की एक ओळ पुढं सरकत नाही. मेंदू आवाजाला भीत नाही. कुठला आवाज कधी येईल हे ठाऊक नसलं, की तो त्याच्या मागं धावत सुटतो.

लिहिण्याचंही तेच. अकरा पानं एका रात्रीत होतात, डाळ जळून कुकर काळा होतो, आणि मग चार महिने कथेची फाइल उघडायचीसुद्धा भीती वाटते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात शब्द सापडत नाहीत, आणि आता पाळी जाण्याच्या वयात तर फ्रिज उघडून उभी राहते आणि कशासाठी आले ते आठवत नाही. औषधानं फरक पडतो. पण त्या औषधाचीही एक कथाच आहे. मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि पुष्कळ दुकानं ते ठेवतच नाहीत. मी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाते आणि संध्याकाळच्या गाडीनं येते. ज्या बाईला विसरायचा आजार आहे, तिनं गोळी संपायच्या आधी तिकीट काढायचं लक्षात ठेवायचं! हा विनोद डॉक्टरांनाही आवडला होता.

माझी कादंबरी पूर्ण झाली ती अक्कांमुळं. त्यांच्या ओट्यावर दुपारी तिघी-चौघी सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. ओला पाला, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीसची जुडी. बोलणं तेलुगूत, अधूनमधून माझ्यासाठी मराठीत. एकदा घरात बसवेना म्हणून मी वही घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि अक्कांची एक जुडी होईतो माझा एक परिच्छेद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सात महिने मी त्या ओट्यावर लिहिलं. कुणी मला काही शिकवलं नाही, धीर दिला नाही. शेजारी कुणीतरी काम करत बसलंय, एवढं माझ्या डोक्याला पुरलं. कारखान्यात तपासणीत विड्या खराब म्हणून बाजूला पडल्या, की अक्कांची मजुरी कापली जाते. माझी एक कथा एका अंकाकडून साभार परत आली, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमचं पण माल परत येतंय काय?" त्या दिवशी मी किती दिवसांनी हसले असेन.

जे अक्कांना सहज जमलं, ते तुमच्या कार्यकारिणीला जड का जावं?

कायद्याचंही सांगते, पण धाक म्हणून नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, लिहिण्या-वाचण्याची विशिष्ट अक्षमता आहे, मानसिक आजार आहे. वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं तो कायदा म्हणतो. एडीएचडीचं वेगळं नाव त्या यादीत नाही. म्हणजे कागदावर माझी बाजू लंगडी आहे, हे मी स्वतःच सांगून टाकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन दवाखान्यांवर आणि डॉक्टरांवर आहे, साहित्य संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. तेव्हा मी कोर्टात जाणार नाही. जे मागते आहे ते पाहुण्याला पाणी विचारावं तसं आहे.

मागण्या अशा.

तो फॉर्म मागं घ्यावा. नुसती ओळ खोडू नका, फॉर्मच नको; लेखकाला बोलावताना हमीपत्र घ्यायची रीत आपल्याकडे कधी नव्हती. त्याऐवजी निमंत्रणाच्या खाली एक ओळ घालावी: 'आपल्याला काही सोय हवी असल्यास कळवा.' आणि कुणी कळवलं, तर ते पत्र एकाच माणसाकडं राहील असा एक माणूस नेमावा. त्याचं किंवा तिचं नाव निमंत्रणातच छापावं.

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेल्या वेळा पाळाव्यात. ही मागणी माझ्या मेंदूसाठी आहे, पण आशीर्वाद तुम्हाला अख्ख्या सोलापूरचे मिळतील. अकराचं उद्घाटन सव्वाबाराला, कारण प्रमुख पाहुणे अजून रस्त्यात. मग कविसंमेलन जेवणाच्या वेळेत कोंबलेलं, आणि बायकांचं सत्र शेवटी वीस मिनिटांत उरकलेलं, हे मी गेली पंचवीस वर्षं बघते आहे.

सभागृहाजवळची एक खोली दिवसभर रिकामी ठेवावी. खुर्च्या, पाणी, पंखा. माइक नको, फ्लेक्स नको. तिथं कुणी का बसलंय हे विचारायचं नाही. तान्हं मूल घेऊन आलेल्या लेखिकेलाही ती खोली लागेल.

स्पर्धांसाठी टाइप केलेला मजकूर ईमेलवर घ्यावा. ज्यांना लिहिणं अवघड आहे त्यांचा मजकूर दुसऱ्यानं उतरवलेला चालावा, तसं त्यांनी सांगितलं की झालं. मुदत एकच असू द्या, पण आठ दिवस आधी आठवण करून देणारा एक मेसेज पाठवा. मुदतीच्या मी विरोधात नाही, उलट मुदतीवरच मी जगते. दिवाळी अंकांच्या संपादकांनी दर पावसाळ्यात तगादा लावला नसता तर माझ्या निम्म्या कथा डोक्यातच राहिल्या असत्या.

आठवड्यातून एक दुपार वाचनालयात एक लांब टेबल लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवावं. कार्यशाळा नको, मार्गदर्शन तर नकोच. दीपप्रज्वलनही नको. दोन तास सगळ्यांनी आपापलं लिहायचं आणि घरी जायचं. पहिल्या महिन्याचा चहा माझ्याकडून.

सूचनाफलकावर १४४१६ हा नंबर लावावा. टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली सरकारी हेल्पलाइन. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्या उन्हाळ्यात हा नंबर नव्हता. आता आहे, तर तो पुरस्कारांच्या बातम्यांच्या कात्रणांखाली झाकू नका.

आणि त्या बावीस वर्षांच्या मुलीला पुन्हा बोलवाल, तेव्हा तिच्या कवितेवर बोलेल असा एक कवी शेजारी बसवा. शाल नाही मिळाली तरी चालेल तिला. लोकरीची टोचते.

माझं नाव पत्रिकेत परत घाला, अशी मागणी यात नाही, हे लक्षात आलं असेल. ती जागा एव्हाना दुसऱ्या कुणा लेखिकेला दिली असणार, आणि तिचा त्यात काही दोष नाही. मी समोर बसून तिचं ऐकेन. दाराजवळची खुर्ची मिळाली तर बरं.

तुम्ही मला ओळखता. कथा मागायला मध्यरात्री मेसेज करता, माझ्या कादंबरीवर परिसंवाद घेता, त्यातल्या विसराळू नायिकेला 'जिवंत व्यक्तिरेखा' म्हणता. ती नायिका जिथून आली ते डोकं मात्र चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवून या, असं तुमचा फॉर्म सांगतो. मी प्रयत्न करून पाहिला आहे, वीस-पंचवीस वर्षं. ठराविक वेळी हसायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आतून धावपळ चाललेली असताना हात मांडीवर शांत ठेवायचे. घरी आल्यावर दोन दिवस बोलवत नाही. तेवढ्यात एक कथा झाली असती.

पत्राखाली नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना दुसऱ्या ओळीतच कळलं असेल. पण घरात मुलीच्या स्थळांचं चाललंय, आणि 'आईला डोक्याचं काहीतरी आहे' हे वाक्य नवी पेठ ते विजापूर वेस किती मिनिटांत जातं, त्याचा अनुभव किराणा दुकानात घेतला आहे. मुलगी म्हणते, नाव घाल. मी अजून ठरवलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जुळे सोलापुरातील एक कथालेखिका

ता. क. उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये; फोनवर मी 'हो हो, चालेल' म्हणून बसते.